कोयनेच्या पोटात तीन किलोमीटर

धरणात पाणी साठते आणि जमीन हादरते, हे कोडे साठ वर्षांचे आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी सह्याद्रीच्या कातळात खोल छिद्र घेतले. त्या छिद्राने काय सांगितले आणि जगातील अशाच अन्य प्रयोगांशी त्याचे नाते काय, याचा आढावा.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गाव साखरझोपेत असताना, ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. सुमारे १८० माणसे दगावली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली, हजारो कुटुंबे उघड्यावर आली. काही वर्षांपूर्वीच उभ्या राहिलेल्या धरणाच्या भिंतीला तडे गेले. मुंबई-पुण्यापर्यंत हादरे बसले. दख्खनचे पठार हा जगातील अत्यंत स्थिर भूभागांपैकी एक आहे, असे तोवर समजले जात असे. त्या पहाटेने हा समज मोडीत काढला आणि देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा बदलावा लागला.

त्यानंतर जवळपास अर्ध्या शतकाने, डिसेंबर २०१६ मध्ये, याच डोंगररांगेतील गोठणे या गावी एक प्रचंड रिग उभी राहिली. जून २०१७ पर्यंत तिने तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले. तेथे तेल, वायू वा सोने मिळेल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. भूकंप ज्या खडकात जन्म घेतो, त्या खडकापर्यंत यंत्रे नेऊन पोहोचविणे, एवढाच त्यामागचा हेतू होता. कोयनेच्या पाण्याचा आणि भूकंपाचा नेमका संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर जमिनीवर बसून मिळत नव्हते.

ठोकून पाहणे आणि कापून पाहणे

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून केंद्रापर्यंतचे अंतर ६,३७१ किलोमीटर आहे. मानवाने आजवर घेतलेले सर्वांत खोल छिद्र १२ किलोमीटरांच्या थोडे पुढे गेले आहे. केंद्रापर्यंतचा प्रवास शंभर पायऱ्यांचा जिना मानला, तर पहिल्या पायरीचा पाचवा हिस्साही आपण पूर्ण उतरलेलो नाही. तरीही भूकवच, त्याखालील प्रावरण आणि मधला गाभा यांविषयी पाठ्यपुस्तकांत ठामपणे लिहिलेले असते. हे ज्ञान बहुतांशी भूकंपलहरींच्या अभ्यासातून आले. या लहरी निरनिराळ्या खडकांतून निरनिराळ्या वेगाने जातात, कोठे वळतात, कोठे परावर्तित होतात. त्यांच्या नोंदींवरून आतील रचनेचा अंदाज बांधला जातो. क्रोएशियातील शास्त्रज्ञ आंद्रिया मोहोरोविचिच यांनी १९०९ च्या एका भूकंपाच्या नोंदींवरून भूकवच आणि प्रावरण यांच्यातील सीमा शोधून काढली, ती याच पद्धतीने.

मात्र ही पद्धत म्हणजे कलिंगड ठोकून ते पिकले आहे की नाही हे सांगण्यासारखी आहे. जाणत्याचा अंदाज बहुधा बरोबर येतो. पण खात्री करायची तर कलिंगड कापावेच लागते. एकाच वेगाने लहरी वाहून नेणारे खडक दोन भिन्न प्रकारचे असू शकतात. खडकात पाणी आहे का, असल्यास किती दाबाखाली आहे, खडकावर कोणत्या दिशेने ताण आहे, याची प्रत्यक्ष मोजणी तर दुरून करता येतच नाही. भूकंपाच्या अभ्यासात नेमक्या याच तीन गोष्टी निर्णायक असतात.

सोसायटीच्या आवारातील बोअरवेल काहीशे फुटांवर थांबते. गोठण्याचे छिद्र जवळपास ९,८०० फूट खोल आहे. या दोन कामांत तत्त्वाचा फरक फारसा नाही. फरक आहे तो खोलीबरोबर वाढणाऱ्या अडचणींचा. खाली उतरू तसतसे तापमान वाढते, दाब वाढतो आणि टोकाशी फिरणारे बिट झिजले की ते बदलण्यासाठी नळ्यांची किलोमीटरभर लांबीची माळ सांधा-सांधा उलगडत वर काढावी लागते, मग तशीच पुन्हा जोडत खाली सोडावी लागते. बेन्टोनाइट मातीचे दाट पाणी नळीतून सतत खाली सोडले जाते. ते बिटला थंड ठेवते, दगडाचा चुरा वर घेऊन येते आणि छिद्राच्या भिंतीला आधार देते. भिंत ढासळू नये म्हणून टप्प्याटप्प्याने लोखंडी केसिंग बसवावे लागते. त्यामुळे छिद्र वर रुंद आणि खाली अरुंद होत जाते. हे सारे करूनही वाटेत भेगाळलेला खडक लागला, तर मातीचे पाणी त्या भेगांत निघून जाते आणि काम खोळंबते.

कोलाचा धडा

अशा खोदाईचा विक्रम आजही रशियाच्या नावावर आहे. नॉर्वेच्या सीमेलगत, उत्तर ध्रुववृत्तापलीकडे असलेल्या कोला द्वीपकल्पावर मे १९७० मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघाने हे काम सुरू केले. १५ किलोमीटरांचे लक्ष्य होते. अमेरिकेने समुद्रतळातून प्रावरणापर्यंत पोहोचण्याचा ‘मोहोल’ प्रकल्प १९६१ मध्ये हाती घेतला होता आणि खर्च वाढल्याने १९६६ मध्ये तो गुंडाळला होता. शीतयुद्धाच्या त्या काळात अंतराळाप्रमाणे पाताळातही स्पर्धा होती. १९७९ मध्ये कोलाच्या छिद्राने ओक्लाहोमा राज्यातील ९,५८३ मीटर खोल वायुविहिरीचा विक्रम मोडला आणि १९८३ मध्ये १२ किलोमीटरांचा टप्पा ओलांडला. १९८४ मध्ये नळ्यांची माळ तुटून तिचा सुमारे पाच किलोमीटरांचा भाग आत अडकला. तेव्हा सात किलोमीटरांवरून बाजूने नवी वाट काढून पुन्हा खाली जावे लागले. १९८९ मध्ये खोली १२,२६२ मीटर झाली. एव्हरेस्ट या छिद्रात उतरवले आणि त्यावर दोन कळसूबाई रचल्या, तरी वर शंभरेक मीटर जागा उरेल. छिद्राचा व्यास मात्र जेमतेम २३ सेंटिमीटर.

कोलाने शास्त्रज्ञांचे अंदाज एकामागून एक चुकविले. भूकंपलहरींच्या नोंदींवरून काही किलोमीटरांखाली ग्रॅनाइट संपून बेसॉल्ट सुरू होईल, असे मानले जात होते. बेसॉल्ट लागलाच नाही. लहरींचा वेग जेथे बदलत होता, तेथे उष्णता आणि दाबामुळे रूप पालटलेला, भेगाळलेला ग्रॅनाइटच होता. सहा किलोमीटरांवर सूक्ष्म प्लवकांचे जीवाश्म सापडले. सर्वांत मोठे आश्चर्य पाण्याचे होते. इतक्या खोलवर प्रचंड दाबाने खडकातील सारी फट मिटून गेलेली असेल, तेथे मोकळे पाणी असणे शक्य नाही, अशी समजूत होती. प्रत्यक्षात खडकाच्या भेगांत पाणी होते. खनिजांच्या रेणूंत बांधलेला हायड्रोजन आणि ऑक्सिजन दाबामुळे सुटा होऊन हे पाणी तयार झाले आणि वरच्या अभेद्य थरामुळे ते खालीच अडकून राहिले, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

शेवटी उष्णतेपुढे हात टेकावे लागले. तळाशी १०० अंश सेल्सिअस तापमान अपेक्षित होते, ते १८० अंश निघाले. खडक घट्ट न राहता हळूहळू छिद्रात सरकू लागला. बिट वर काढले की छिद्र आवळले जाई. १९९२ मध्ये खोदाई थांबली. पुढे निधीही आटला. आज त्या जागी मोडकळीस आलेल्या इमारती आणि जमिनीत बोल्टने आवळलेले एक लोखंडी झाकण आहे. या छिद्रातून नरकातील किंकाळ्या ऐकू आल्याची एक अफवा जगभर फिरली. तिला कसलाही आधार नाही. मात्र कोलाने मागे ठेवलेला धडा खरा आहे. खोल खडक कोरडा आणि बंदिस्त असतो, हे गृहीत धरता येत नाही.

पाणी सोडले आणि जमीन हलली

खोल खडकातील पाणी आणि भूकंप यांचा संबंध त्याआधीच एका अपघाताने उघड झाला होता. अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळील लष्कराच्या रसायन कारखान्याने विषारी सांडपाण्याची विल्हेवाट लावण्यासाठी ३,६७१ मीटर खोल विहीर खणली आणि मार्च १९६२ पासून त्यात दाबाने पाणी सोडण्यास सुरुवात केली. महिनाभरातच परिसरात धक्के जाणवू लागले. १९६६ मध्ये पाणी सोडणे बंद झाले, तरी सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये, म्हणजे त्यानंतर बसले. खडकात शिरलेला दाब भेगांतून सावकाश पसरत राहिला होता. पुढे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने कोलोरॅडोतीलच रेंजली येथील तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ या काळात मुद्दाम प्रयोग केला. भूगर्भातील पाण्याचा दाब वाढविला की धक्के वाढत. दाब उतरविला की ते थंडावत.

यामागचे तत्त्व अवघड नाही. भूकवचात जागोजागी जुने प्रस्तरभंग असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात आणि घर्षणामुळे जागच्या जागी अडून राहतात. भूपट्टांच्या हालचालीमुळे त्यांच्यावर ताण साचत असतो. फटीत पाणी शिरून त्याचा दाब वाढला की ते दोन्ही बाजूंना किंचित बाहेर रेटते. खडकांची पकड तेवढी सैल होते आणि आधीपासून ताणलेला प्रस्तरभंग सरकतो. म्हणजेच पाणी भूकंपाची ऊर्जा निर्माण करीत नाही. मराठीत आपण कारण आणि निमित्त यांत फरक करतो, तोच येथे लागू पडतो. ताण हे कारण, पाणी हे निमित्त.

निमित्त किती लहान असू शकते, हे जर्मनीच्या प्रयोगाने दाखविले. बव्हेरिया प्रांतातील विंडिशेशेनबाख येथे १९९० ते १९९४ या काळात ९,१०१ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. तळाशी तापमान २६० अंशांच्या पुढे गेले आणि खोदाई तेथेच थांबवावी लागली. काम संपल्यावर शास्त्रज्ञांनी छिद्राच्या तळातून सुमारे २०० घनमीटर खारे पाणी खडकात सोडले. काही मोजक्या टँकरमध्ये मावेल इतके हे पाणी. पण त्याने सुमारे ४०० अतिसूक्ष्म भूकंप घडले. त्यांपैकी एकाचाही गावाला उपद्रव झाला नाही. मात्र भूकंपांसाठी प्रसिद्ध नसलेल्या प्रदेशातही खडक मोडण्याच्या बेताला आलेला असतो, ही गोष्ट प्रथमच इतक्या खोलवर प्रत्यक्ष तपासली गेली.

कोयनाच का?

आता कोयनेकडे वळू. १०३ मीटर उंचीच्या धरणामागे शिवसागर जलाशयात १९६०च्या दशकाच्या आरंभी पाणी साठू लागले आणि त्यापाठोपाठ परिसरात लहान-मोठे धक्के सुरू झाले. भूकंपमापक यंत्रे बसवावी लागली. १९६७ चा भूकंप हा जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांपैकी जगातील सर्वांत मोठा मानला जातो. चीनमधील शिनफेंगजियांग, आफ्रिकेतील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता या जलाशयांच्या परिसरातही १९६२ ते १९६६ या काळात सहा वा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप झाले. तेथील हालचाल मात्र कालांतराने मंदावली. कोयनेची मंदावली नाही. १९६७ नंतरही पाच वा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून अधिक भूकंप या भागात नोंदले गेले. १९८०च्या दशकात दक्षिणेस वारणा जलाशय भरू लागल्यावर धक्क्यांचे क्षेत्र त्या बाजूलाही विस्तारले.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके या धक्क्यांचा अभ्यास केला. त्यातून एक वार्षिक लय दिसून आली. पावसाळ्यात जलाशय भरतो, त्यानंतर धक्के वाढतात. उन्हाळ्याच्या तोंडी पाणी उपसले जात असताना ते पुन्हा वाढतात. जलपातळी किती वेगाने चढली, ती पूर्वीच्या उच्चांकापलीकडे गेली का आणि वरच्या पातळीवर किती काळ राहिली, या तीन बाबींचा मोठ्या धक्क्यांशी संबंध असल्याचेही आढळले.

तरीही एक शंका उरते. शंभर मीटर खोल पाण्याचा तळाशी पडणारा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दहापट असतो. पाच किलोमीटर खोलीवर, जेथे कोयनेचे भूकंप होतात त्या पट्ट्यात, वरच्या खडकाचाच दाब हवेच्या दाबाच्या सुमारे तेराशेपट असतो. म्हणजे जलाशयाने घातलेली भर एक टक्क्याहूनही कमी आहे. एवढ्याशा फरकाने डोंगर हलत असेल, तर दोन गोष्टी खऱ्या असल्या पाहिजेत. खडक आधीच मोडण्याच्या बेताला आलेला असला पाहिजे आणि जलाशयाचा दाब तेथवर पोहोचविणारी पाण्याची वाट खडकात असली पाहिजे. या दोन्ही गोष्टी अनेक वर्षे अनुमान म्हणूनच मांडल्या जात होत्या. त्या तपासायच्या तर खाली उतरणे भाग होते.

त्यासाठी कोयनेइतकी सोयीची जागा जगात क्वचितच आढळेल. येथील भूकंप साधारणतः २० बाय ३० किलोमीटरांच्या पट्ट्यात एकवटलेले आहेत. ते बहुतांशी दहा किलोमीटरांच्या आत होतात. आसपास भूकंपाचे दुसरे केंद्र नाही, त्यामुळे नोंदींत गोंधळ होत नाही. शिवाय धक्के अजून सुरू आहेत. जपानच्या ‘चिक्यू’ जहाजाने २०१२ मध्ये समुद्रतळाखालील प्रस्तरभंगात छिद्र घेतले, ते २०११ चा महाभूकंप होऊन गेल्यावर. कोयनेत मात्र भूकंप होण्याआधी, होत असताना आणि होऊन गेल्यावर खडकात काय घडते, हे जवळून पाहण्याची संधी आहे.

कातळाखाली काय सापडले?

महाराष्ट्राला अशा छिद्राची थोडी ओळख आधीही झाली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे दहा हजार लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे ६१७ मीटर खोल संशोधन छिद्र घेण्यात आले. ३३८ मीटरांवर काळा कातळ संपला आणि अतिप्राचीन मूळ खडक लागला. दख्खनच्या कातळाखाली नेमके काय आहे, याचे ते मौल्यवान प्रत्यक्ष दर्शन होते.

कोयनेचे काम याहून कितीतरी मोठे. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने त्यासाठी निधी दिला. मार्च २०११ मध्ये देशोदेशीच्या तज्ज्ञांची बैठक झाली. मग विमानातून गुरुत्वाकर्षणाची व चुंबकीय क्षेत्राची मोजणी झाली, भूपृष्ठाचे लेसरने चित्रण झाले आणि परिसरात सुमारे दीड किलोमीटर खोलीपर्यंतची नऊ प्राथमिक छिद्रे घेण्यात आली. त्यांपैकी काहींच्या आत भूकंपमापक उतरविण्यात आले. जमिनीवरील वाहने, वारा, पाऊस यांचा गोंगाट तेथे पोहोचत नसल्याने पूर्वी निसटून जाणारे सूक्ष्म धक्केही टिपले जाऊ लागले आणि त्यांचे ठिकाण अधिक अचूक कळू लागले. या साऱ्या माहितीवरून मुख्य चाचणी छिद्रासाठी गोठण्याची निवड झाली. प्रकल्पाचे काम पाहण्यासाठी कराडजवळ हजारमाची येथे मंत्रालयाची भूभौतिकी प्रयोगशाळा उभारण्यात आली.

गोठण्याच्या छिद्राने पहिले सव्वा किलोमीटर केवळ लाव्हाच्या थरांतून वाट काढली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक वाहत आलेल्या आणि थिजलेल्या लाव्हाचे हे थर म्हणजेच आपला सह्याद्री. त्याखाली गाळाच्या खडकाचा थर न लागता थेट ग्रॅनाइटच्या जातीचा मूळ खडक लागला. तो अडीच अब्ज वर्षांहून जुना आहे. दोन्ही खडकांच्या वयात एवढे अंतर आहे की, मधल्या प्रदीर्घ कालखंडाची पाने त्या ठिकाणी जणू फाडूनच टाकलेली आहेत.

मूळ खडक एकसंध नव्हता. निरनिराळ्या खोलींवर चुरडलेले, भेगाळलेले पट्टे लागले. छिद्राच्या भिंतींचे ध्वनिलहरींनी चित्रण करण्यात आले. भिंतीचा चुरा कोणत्या बाजूने पडतो यावरून खडकावरील ताणाची दिशा कळते. दाबाने खडकाला अगदी बारीक चीर पाडून ताणाचे मोजमापही करता येते. या अभ्यासातून येथील खडक ताणाच्या कडेलोटाला आलेला आहे आणि थोडासा बदलही लहान भूकंप घडवू शकतो, या अनुमानाला दुजोरा मिळाला.

दुसरा निष्कर्ष पाण्याचा. तीन किलोमीटर खोलीपर्यंतच्या भेगांत पाणी आढळले आणि तपासणीअंती ते मूळचे पावसाचे असल्याचे दिसून आले. कोलाचे पाणी दगडातूनच सुटे झालेले होते. कोयनेचे आभाळातून आले आहे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस कातळाच्या सांध्यांतून, मूळ खडकाच्या भेगांतून तीन किलोमीटर खाली उतरू शकतो, याचा अर्थ पृष्ठभागापासून तेथवर वाट मोकळी आहे. ज्या वाटेने पाणी उतरते, त्याच वाटेने जलाशयाचा दाबही खाली पोहोचू शकतो. पन्नास वर्षे मांडल्या गेलेल्या अनुमानातील एक महत्त्वाची कडी अशा रीतीने जुळली. दाब पोहोचण्यास वेळ लागतो, त्यामुळे जलाशय भरणे आणि धक्के बसणे यांत दिसणारे अंतरही यातून समजू शकते.

या खोलीवर अंधारात, सूर्यप्रकाशाशिवाय तग धरणाऱ्या सूक्ष्मजीवांचा शोधही याच प्रकल्पातून सुरू झाला. भूकंपाशी त्यांचा थेट संबंध नाही. परंतु जीवसृष्टीची सीमा कोठवर जाते, या प्रश्नासाठी कोयनेचा खडक हा नवा पुरावा ठरत आहे.

छिद्रामुळे भूकंप होईल का?

ज्या भागातील लोक पिढ्यान्‌पिढ्या धक्के सोसत आहेत, त्यांच्या मनात ही शंका येणे स्वाभाविक आहे. डेन्व्हरचे उदाहरण समोर असताना तिला हसून बाजूला सारता येत नाही. मात्र तेथे वर्षानुवर्षे प्रचंड प्रमाणात पाणी दाबाने खडकात ढकलले जात होते. गोठण्याचे छिद्र निरीक्षणासाठी आहे. ताण मोजण्याच्या चाचण्यांत वापरले जाणारे पाणी अत्यल्प असते. त्या छिद्रातून निघालेला सारा दगड काही ट्रकमध्ये मावेल इतका आहे. तर शेजारच्या जलाशयात दरवर्षी शंभर टीएमसीच्या आसपास पाणी चढते आणि उतरते. एक टीएमसी पाण्याचे वजन सुमारे २.८३ कोटी टन भरते. खडकावर होणाऱ्या परिणामाच्या दृष्टीने या दोहोंची तुलनाच होऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न भाकिताचा. अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक तीव्रतेचा भूकंप होईल, असे सांगण्याची विद्या आज जगात कोणाकडेही नाही आणि गोठण्याच्या छिद्राने ती हाती आलेली नाही. तीन किलोमीटर म्हणजे भूकंपाच्या उंबरठ्यापर्यंतची मजल आहे. येथील अनेक धक्के त्याहून खाली जन्म घेतात. म्हणूनच सहा किलोमीटरपर्यंत जाण्याचा संकल्प शास्त्रज्ञांनी मांडला आहे. तेथे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर असेल आणि त्या उष्णतेत दीर्घकाळ टिकणारी यंत्रे हे मोठे आव्हान असेल. तेथे कायमची वेधशाळा उभी राहिली, तर पाण्याचा दाब, तापमान, खडकाचे आकुंचन-प्रसरण यांची अखंड नोंद मिळेल. मोठ्या धक्क्याआधी या नोंदींत काही ठरावीक बदल दिसतो का, हे तेव्हाच कळेल. तो दिसेलच याची हमी नाही. न दिसला, तर तेही उत्तरच असेल.

दरम्यान, एक गोष्ट छिद्राची वाट न पाहता करता येण्यासारखी आहे. १९६७ मध्ये माणसे मेली ती मुख्यत्वे दगडमातीची घरे अंगावर कोसळून. किल्लारीत तेच घडले. कोयनेचे धरण त्या भूकंपानंतर मजबूत करण्यात आले. १,९६० मेगावॉट क्षमतेचा वीजप्रकल्प आणि लाखो लोकांचे पाणी त्यावर अवलंबून आहे, त्यामुळे जलाशय रिकामा ठेवणे हा पर्याय कधीच नव्हता. पाणी साठत राहणार आणि जमीन अधूनमधून हलत राहणार, हे गृहीत धरूनच पाटण, चिपळूण आणि परिसरातील घरे, शाळा, रुग्णालये बांधली गेली पाहिजेत. जमिनीखालून मिळणाऱ्या माहितीचा पहिला उपयोग व्हायला हवा तो येथेच. कोणत्या पट्ट्यात ताण अधिक, कोणत्या महिन्यांत जागरूकता अधिक हवी, जलाशय किती वेगाने भरू द्यावा, हे ठरविण्यासाठी आता पूर्वीपेक्षा ठोस आधार हाती येऊ लागला आहे.

खोल छिद्रे : एका दृष्टिक्षेपात

कोला, रशिया : १२,२६२ मीटर. १९७० मध्ये प्रारंभ, १९८९ मध्ये कमाल खोली. सरळ उभ्या खोलीचा विक्रम अद्याप अबाधित. काही तेलविहिरींची लांबी याहून अधिक असली, तरी त्या तिरप्या जातात.

तारिम खोरे, चीन : १०,९१० मीटर. मे २०२३ ते फेब्रुवारी २०२५. संशोधन आणि तेल-वायूचा शोध असा दुहेरी उद्देश.

विंडिशेशेनबाख, जर्मनी : ९,१०१ मीटर. १९९० ते १९९४.

अटलांटिक महासागर : १,२६८ मीटर. प्रावरणातील खडक समुद्रतळाजवळ वर आलेल्या ठिकाणी २०२३ मध्ये ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ जहाजाने घेतलेले छिद्र. प्रावरणाच्या खडकाचा सलग मोठा नमुना हाती आला.

गोठणे, महाराष्ट्र : सुमारे ३,००० मीटर. डिसेंबर २०१६ ते जून २०१७.

किल्लारी, महाराष्ट्र : ६१७ मीटर. १९९३ च्या भूकंपानंतर.